घरच्या शेतावर डुकरे आणि मेंढ्या: दोन वेगळ्या पोटांची निगा

थोड्या जमिनीवर, घरच्याच माणसांच्या कष्टांवर, डुकरे आणि मेंढ्या दोन्ही चांगल्या रीतीने पाळता येतात. मात्र ती एकाच गोठ्यात किंवा एकाच गव्हाणीवर कधीही ठेवू नयेत. डुकराचे पोट माणसाच्या पोटासारखे एकाच कप्प्याचे असते आणि त्याला धान्य, पेंड, कंदमुळे असे पचण्याजोगे, प्रथिनयुक्त खाद्य लागते. मेंढी रवंथ करते. तिच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, राहणारे सूक्ष्मजीव गवताचा चोथा आंबवतात आणि त्यावरच ती पोसली जाते. जागा, कुंपण, खुराक, जंत आणि आजार यांबाबत या दोन जनावरांच्या गरजा जेथे जेथे वेगळ्या पडतात, तेथे बहुतेक वेळा या पोटाच्या फरकाचाच संबंध असतो, आणि एकाला मानवणारी वस्तू दुसऱ्याला मारूही शकते.

तांब्याचा धोका

दोन्ही जनावरे पाळणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी बाब म्हणजे तांबे. डुकरांच्या तयार खाद्यात, विशेषतः पिल्लांच्या खाद्यात, वाढीसाठी आणि हगवण आटोक्यात ठेवण्यासाठी तांबे मुद्दाम घातलेले असते. किलोमागे त्याचे प्रमाण 100 मिलिग्रॅमच्याही वर असू शकते. डुकराला ते सोसते. मेंढीच्या एकूण आहारात मात्र किलोमागे सुमारे 10 मिलिग्रॅम तांबे पुरेसे होते आणि 15 मिलिग्रॅमच्या पुढे दीर्घकाळ गेल्यास धोका सुरू होतो, कारण मेंढीचे यकृत तांबे साठवत राहते आणि ते बाहेर टाकण्याची त्याची क्षमता फारच कमी असते. आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने, जनावर वरून धडधाकट दिसते. मग प्रवास, उपासमार, थंड पावसाची झोड किंवा विण्याचा ताण असे काही निमित्त होते, यकृतातले तांबे एकदम रक्तात उतरते आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. डोळ्यांचे पांढरे आणि हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी गडद तपकिरी होते आणि बहुधा एकदोन दिवसांत मेंढी दगावते. त्या टप्प्यावर उपचारांना फारसे यश येत नाही.

म्हणून डुकरांच्या खाद्याचा पिंप वेगळ्या खोलीत, घट्ट झाकणाचा आणि दुरून ओळखू येईल अशा रंगाचा असावा, आणि त्यातले माप मेंढ्यांच्या खुराकात कधीही बुडवू नये. मेंढ्यांसाठी क्षारमिश्रण घेताना ते खास मेंढ्यांसाठीच बनवलेले आहे याची पिशवीवर वाचून खात्री करावी. गाईगुरांच्या चाटण-विटांमध्येही तांबे बरेच असते. तयार खाद्य खाणाऱ्या डुकरांच्या शेणातून तांबे बाहेर पडते, त्यामुळे ते खत मेंढ्यांच्या चराईवर न टाकता धान्याच्या किंवा भाजीच्या शेतात घालावे.

दोन्ही जनावरे वेगळी ठेवण्याचे दुसरे कारण जंतांचे आहे. डुकरांच्या मोठ्या गोल जंतांची अंडी मातीत अनेक वर्षे तग धरतात, आणि त्याच मातीवर चरणाऱ्या कोकरांच्या यकृतात व फुप्फुसांत त्या जंतांच्या अळ्या शिरून इजा करू शकतात. डुक्कर मांस खाणारेही आहे, ही गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. वितेवेळी मेंढीजवळ मोकळे डुक्कर असले, तर ते वार खाते आणि नुकत्याच जन्मलेल्या कोकरालाही सोडत नाही. दोन्हींच्या मध्ये पक्के कुंपण हवेच.

किती जनावरांपासून सुरुवात करावी

पहिल्या वर्षी नर पाळू नये, असे माझे ठाम मत आहे. आईपासून तोडलेली, आठ आठवड्यांची दोन डुकराची पिल्ले आणि चार-पाच मेंढ्या एवढ्यावर एक पूर्ण वर्ष काढले, की चारा किती लागतो, पाणी कोठे साचते आणि घरातल्या कोणाला कोणते काम जमते हे कळून चुकते. दोन्ही जनावरे कळपाची आहेत. एकटे डुक्कर नीट खात नाही, तर एकटी मेंढी सतत ओरडते, कुंपणावर धडका देते आणि खंगत जाते, त्यामुळे डुकरे किमान दोन आणि मेंढ्या किमान तीन असाव्यात.

खरेदी करताना जनावर उभे असताना पाहून समाधान मानू नये. त्याला चालवून पाहावे. मेंढीचे पाय उचलून दोन नख्यांमधली त्वचा पाहावी, तेथे घाण वास असेल तर खूरसड आहे असे समजावे. कास दोन्ही हातांनी चाचपावी, कारण आतली गाठ म्हणजे जुनी दगडी, म्हणजे कासेचा दाह, आणि पुढच्या कोकराला अर्धेच दूध. खालच्या जबड्याचे पुढचे दात वरच्या गादीवर बरोबर टेकतात का हे बघावे. डुकराच्या पिल्लाची कातडी स्वच्छ, डोळे चमकदार आणि शेपटीखालचा भाग कोरडा असावा. बेंबीजवळ किंवा जांघेत फुगवटा असला तर ते हर्निया असते आणि असे पिल्लू घेऊ नये. घरी आणल्यावर नवे जनावर तीन ते चार आठवडे जुन्यांपासून वेगळे ठेवावे आणि त्याचे काम रोज सर्वांत शेवटी करावे.

निवारा आणि कुंपण

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून ते चिखलात लोळते. कातडीवरचा ओला चिखल वाळताना अंग थंड होते आणि उन्हापासून संरक्षणही मिळते. पांढऱ्या कातडीची डुकरे उन्हाने अक्षरशः भाजतात. छप्पर, दाट सावली आणि उन्हाळ्यात लोळण्यासाठी ओलसर खड्डा किंवा पाण्याचा फवारा यांपैकी काहीही टाळू नये. झोपण्याची जागा कोरडी असेल, तर डुक्कर तेथे घाण करत नाही. ते स्वतःच एक कोपरा हगण्यासाठी ठरवते आणि तो बहुधा ओला, थंड असतो. म्हणून पाण्याची व्यवस्था एका टोकाला आणि काडाची गादी दुसऱ्या टोकाला केली, की साफसफाईचे निम्मे काम डुक्करच उरकते.

मेंढीला लोकरीमुळे थंडीचे फारसे भय नसते. तिला बाधतात ती ओल आणि कोंदट हवा. तीन बाजूंनी आडोसा, वारा खेळता, जमीन उंचवट्यावर आणि कोरडी, एवढे तिला पुरते. प्रत्येक मेंढीमागे सुमारे सव्वा चौरस मीटर आणि कोकरांसह असलेल्या मेंढीमागे दोन चौरस मीटर जागा धरावी.

डुक्कर कुंपण खालून उचलते, तर मेंढी त्याखालून किंवा त्यातून डोके घालते. डुकरांसाठी जमिनीपासून सुमारे 20 आणि 45 सेंटिमीटर उंचीवर विजेच्या धक्क्याच्या दोन तारा उत्तम काम करतात. नाक त्या तारेला एकदोनदा लागले की डुक्कर पुढे तिकडे फिरकत नाही. मात्र नाकाने उकरलेली माती तारेवर चढून धक्का मरतो, म्हणून ती रोज पाहावी. मेंढ्यांच्या बाबतीत लोकर विजेला अडवते. त्यांना तारेची ओळख लोकर कातरल्यानंतर लगेच करून द्यावी, अन्यथा चौकोनी विणीची मीटरभर उंच जाळी वापरावी.

डुकरांचा आहार

डुकराची वाढ वेगाने होते आणि तिचा हिशेब खाद्यावर ठरतो. साधारण 15 ते 18 किलोचे तोडलेले पिल्लू जातीनुसार सहा-सात महिन्यांच्या वयात 90 ते 100 किलोचे होते आणि प्रत्येक किलो वाढीसाठी त्याला ढोबळमानाने तीन किलो खाद्य लागते. लहान पिल्लांच्या खाद्यात 18 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असावीत, 50 किलोनंतर 14 टक्के पुरतात. केवळ मक्यावर किंवा कोंड्यावर ठेवलेले डुक्कर चरबी धरते पण अंगाने भरत नाही, कारण धान्यात लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असते. सोयाबीनची पेंड ही उणीव भरून काढते. कच्चे सोयाबीन मात्र घालू नये, त्यातील घटक प्रथिनांचे पचन अडवतात.

पाणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित खाद्य आहे. वाढत्या डुकराला दिवसाला 5 ते 10 लिटर, तर दूध पाजणाऱ्या मादीला 20 ते 30 लिटर पाणी लागते. पाणी काही काळ तुटले आणि नंतर डुकराने एकदम भरपूर प्यायले, तर मेंदूला सूज येऊन झटके येतात. यालाच मीठबाधा म्हणतात, जरी खाद्यात मीठ नेहमीइतकेच असले तरी.

आता घरच्या खरकट्याविषयी. डुकरे सगळे खातात म्हणून उष्टे त्यांना घालावे, हा जुना शिरस्ता अनेक देशांत कायद्याने बंद केलेला आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर, डुकरांचा पारंपरिक ताप आणि लाळ्या खुरकूत यांचे विषाणू कच्च्या, खारवलेल्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसात टिकून राहतात. 2001 साली ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकुताची साथ आली, तेव्हा तिचा उगम नीट न उकळलेले खरकटे खाल्लेल्या डुकरांपर्यंत जाऊन पोहोचला आणि साथ थोपवण्यासाठी 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, ज्यांत मेंढ्यांची संख्या सर्वांत मोठी होती. आफ्रिकन स्वाइन फीवरवर औषध नाही. मांसाचा स्पर्श झालेले काहीही डुकराला घालू नये. मळ्यातील टाकाऊ भाजी, गळालेली फळे आणि पालेभाज्यांचे देठ खुशाल घालावेत.

डुकरीण विते तेव्हा

गाभण काळ 114 दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांचा असतो. विण्याच्या आधीच्या दिवशी मादी काड तोंडात धरून घरटे रचू लागते, आणि सडांतून दुधाचे थेंब सहज येऊ लागले की बहुधा 12 ते 24 तासांत विते. पिल्ले सरासरी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने येतात. मादी जोर करत असूनही तासभर पिल्लू आले नाही, तर पशुवैद्यकाला बोलवावे.

पहिल्या तीन दिवसांत मरणाऱ्या पिल्लांपैकी पुष्कळशी आईखाली चिरडून मरतात. याचे मूळ थंडीत आहे. नवजात पिल्लाला सुमारे 32 अंश सेल्सिअस ऊब हवी असते, आणि त्याच खोलीत आईला 18 ते 20 अंशांत बरे वाटते. पिल्ले उबेसाठी आईच्या पोटाला चिकटून झोपतात आणि ती आडवी होते तेव्हा सापडतात. भिंतीपासून आणि जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटर अंतरावर आडवी कांब बसवली, तर पिल्लांना निसटायला जागा राहते. आणि कोपऱ्यात आईला न शिरता येईल असे फळीने बंद केलेले, दिव्याने उबवलेले घर केले, तर दूध पिऊन पिल्ले स्वतःच तिकडे जाऊन झोपतात. दिवा घट्ट साखळीने टांगावा, सुतळीने कधीही नाही, कारण खाली वाळलेले काड असते.

सिमेंटच्या जमिनीवर वाढणाऱ्या पिल्लांना लोह लागते. पिल्लाला दिवसाला सुमारे 7 मिलिग्रॅम लोहाची गरज असते आणि आईच्या दुधातून जेमतेम 1 मिलिग्रॅम मिळते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मानेत 200 मिलिग्रॅम लोहाचे इंजेक्शन दिले नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्ले फिकी पडतात, धापा टाकतात आणि त्यांची वाढ खुंटते. मोकळ्या मातीत उकरणाऱ्या पिल्लांना हे लोह मातीतूनच मिळते.

मेंढ्यांची चराई आणि जंत

मेंढीच्या आरोग्याचा सर्वांत मोठा प्रश्न गवतात असतो. उष्ण आणि दमट दिवसांत पोटाच्या चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात, राहणारा, रक्त शोषणारा जंत अतोनात वाढतो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त खर्ची घालतो, त्यामुळे हजार जंत असले तर रोजचे 50 मिलिलिटर रक्त जाते, आणि कोकराला तेवढे फार काळ सोसवत नाही. गंमत अशी की या जंतामुळे हगवण लागत नाही. मेंढी फक्त मागे रेंगाळू लागते, आणि मग एके सकाळी जबड्याखाली पाण्याची मऊ सूज दिसते.

हे आधी ओळखण्याची पद्धत सोपी आहे. दिवसाच्या उजेडात मेंढीचे डोके एका हाताने स्थिर धरावे, वरच्या पापणीवरून अंगठ्याने डोळा हलकेच आत दाबावा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढावी. आतली त्वचा लालबुंद असेल तर सध्या औषध नको. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवावे. पांढुरकी असेल तर त्याच दिवशी जंतनाशक द्यावे. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला, लाल ते पांढरा अशा पाच रंगछटांचा फामाचा तक्ता याच तपासणीसाठी असतो. पावसाळी दिवसांत ही तपासणी दर दोन आठवड्यांनी करावी.

सरसकट सगळ्या कळपाला महिन्याला औषध पाजण्याची पद्धत मी नुकसानकारक मानतो. त्यामुळे औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात आणि काही वर्षांत ते औषध निकामी होते. ज्या मेंढीला गरज आहे तिलाच, वजन करून, पूर्ण मात्रेत औषध द्यावे. अंदाजाने कमी दिलेली मात्रा ही सर्वांत वाईट.

औषधापेक्षा चराईची शिस्त जास्त उपयोगी पडते. जंतांच्या बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या 5 सेंटिमीटरमध्ये असतात, म्हणून गवत त्याहून खाली खुडले जाण्याआधीच कळप पुढच्या तुकड्यात न्यावा. उष्ण-दमट दिवसांत लेंडीतल्या अंड्यांपासून संसर्ग करणाऱ्या अळ्या तयार व्हायला चार-पाच दिवसही पुरतात, त्यामुळे एका तुकड्यात त्याहून अधिक दिवस कळप ठेवू नये आणि तो तुकडा पुन्हा वापरण्याआधी शक्य तितका दीर्घ विसावा द्यावा. सकाळी दव असताना चराई टाळलेली बरी.

चारा बदलताना घाई करू नये. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. धान्याचे पोते फोडून मेंढीने पोटभर खाल्ले, तर पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते; ओल्या, कोवळ्या, शेंगवर्गीय चाऱ्यावर उपाशीपोटी सोडल्यास पोटफुगी होते. आधी थोडे वाळलेले गवत खाऊ घालून मग बाहेर सोडावे.

विण्याचा हंगाम

मेंढीचा गाभण काळ सुमारे 147 दिवसांचा असतो आणि पोटातल्या कोकराची जवळपास 70 टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमक्या याच काळात जुळी कोकरे पोटात जागा व्यापतात आणि मेंढीला चारा कमी बसतो. तिला थोडा पण कसदार खुराक मिळाला नाही, तर ती अंगची चरबी वेगाने जाळू लागते, सुस्त होते, कळपापासून दूर उभी राहते आणि आंधळ्यासारखी वागते. हा गाभणपणीचा विषार असतो आणि त्यात एकही दिवस वाया घालवू नये. पाठीच्या कण्यावर आणि कमरेच्या हाडांवर हात फिरवून अंगाची स्थिती दर पंधरा दिवसांनी पाहत राहावे, कारण लोकरीखाली हाडकुळी मेंढीही गुबगुबीत दिसते. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जीवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या आजाराची, लस विण्याआधी चार ते सहा आठवडे टोचावी, म्हणजे तिचे संरक्षण चिकावाटे कोकराला मिळते.

विण्याच्या वेळी पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले, तर मेंढीला एकटे सोडावे. तासभर जोर करूनही काही पुढे सरकले नाही, किंवा एकच पाय, नुसती शेपटी अथवा नुसते डोके दिसले, तर जाणकार मदत घ्यावी. कोकरू बाहेर आल्यावर नाकातोंडावरचा पडदा पुसून त्याला आईच्या नाकासमोर ठेवावे. ती चाटते तेव्हा दोघांची ओळख पक्की होते, म्हणून उगाच पुसून कोरडे करू नये. नाळ आयोडिनच्या द्रावणात बुडवावी. पहिल्या दोन तासांत पोटात चीक गेलाच पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या प्रत्येक किलोमागे एकूण 200 मिलिलिटर जावा. कोकराच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. तोंड गरम लागले आणि बोट चोखले गेले तर चिंता नाही. तोंड थंड लागले तर अंग गारठले आहे. डोके सावरता न येणाऱ्या कोकराला बाटलीने पाजू नये, दूध फुप्फुसात जाते. आधी ऊब द्यावी आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढचे करावे.

माणसांचे आरोग्य

दोन जंत असे आहेत की जे जनावरांमार्फत घरातल्या माणसांपर्यंत येतात. उघड्यावरच्या मानवी विष्ठेतून फीतकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात आणि त्याच्या स्नायूंत गाठी होतात. तीच अंडी दूषित पाण्यातून किंवा अस्वच्छ हातांनी माणसाच्या पोटात गेली, तर गाठी मेंदूत होऊन फेपरे येऊ शकते. म्हणून शौचालय असणे, ते वापरणे आणि डुकरांना मोकाट न सोडणे हा वराहपालनाचाच भाग आहे. दुसरीकडे, मेंढीचे कच्चे यकृत किंवा फुप्फुस कुत्र्याने खाल्ले, तर त्यातल्या गाठींमधून कुत्र्यात फीतकृमी वाढतात आणि कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी करतात. कत्तलीनंतरचे अवयव कुत्र्याला कधीही घालू नयेत, ते खोल पुरावेत, आणि राखणीच्या कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक द्यावे.

मेंढी असो वा डुक्कर, औषध दिल्याची तारीख, औषधाचे नाव, मात्रा आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक वहीत त्याच दिवशी लिहावा. बाटलीवर दिलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे औषधाचा अंश अंगातून निघून जाण्याचा काळ, संपल्याशिवाय ते जनावर खाण्यासाठी विकू नये, आणि विकताना घेणाऱ्याला त्या वहीची नोंद दाखवावी.